मोडलेल्या पायाची किंमत

२००३ च्या हिवाळ्यात आमची पलटण राजौरीच्या वरच्या अंगाला होती. मी तेव्हा हवालदार. रोज पहाटे रस्ता उघडायची ड्युटी. अंधार फिटायच्या आत आरओपी निघायची, पुढे श्वान, त्याच्यामागे त्याचा हँडलर आणि मग आम्ही. आमच्याकडे जोडून दिलेला श्वान होता ब्रूनो, पिवळट रंगाचा लॅब्राडोर, स्फोटकं हुंगणारा. हँडलर काँगड्याचा, कमी बोलणारा पोरगा. ब्रूनो पुढे चालला की आमचे पाय आपोआप हलके पडायचे. तो थांबला की अख्खी पार्टी श्वास धरून उभी राहायची. तो ज्या रस्त्यावरून गेला त्यावरून मग दिवसभर आमच्या गाड्या धावायच्या, रेशन यायचं, रजेवर जाणारी पोरं घरी जायची.

ब्रूनोला ना गोळी लागली, ना आयईडी. चढावर उभी असलेली आमचीच गाडी बर्फावरून दोन हात मागे सरकली आणि त्याचा मागचा उजवा पाय चाकाखाली आला. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. दारूगोळ्याच्या पेटीच्या पट्ट्या फोडून आम्ही पाय बांधला, ब्लँकेटमध्ये गुंडाळला आणि खाली नेला. पशुवैद्यकीय रुग्णालयापर्यंत अर्धा दिवस लागला. हँडलरनं वाटेत एकदाही ब्रूनोचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

तिथले कॅप्टन साहेब परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले निघाले. मराठी ऐकून त्यांनाही बरं वाटलं असावं. त्यांनी जखम पाहिली, एक्स-रे काढला आणि आम्हाला बाहेर बसवून नीट समजावून सांगितलं. रस्ते तीन होते. पहिला, प्लास्टर. पण जखम उघडी, आत माती गेलेली. प्लास्टरमध्ये ती झाकली तर आत पू धरणार. दुसरा, पाय कापणं. एकच शस्त्रक्रिया, धोका कमी, बारा-चौदा दिवसांत टाके निघतात. कुत्र्याच्या वजनाचा ६० टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे मागचा एक पाय गेला तरी तो चालतो, पळतो, गाडीतही चढतो. तिसरा, हाडात आडव्या सळ्या घालून त्या पायाबाहेरच्या दांडीला आवळायच्या, म्हणजे हाड जागेवर राहतं आणि जखम उघडी ठेवून रोज धुता येते. यात वेळ जास्त, वेदना जास्त आणि जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला तर शेवटी पाय कापावाच लागायचा.

मी म्हणालो, "साहेब, मग कापलेलाच बरा की."

ते काही बोलायच्या आत हँडलरनं विचारलं, "साहब, टाँग चली गई तो इसका क्या होगा?"

साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग मला मराठीत म्हणाले, "पवार, पाय कापला तर हा जगेल. पण कागदावर अनफिट होईल."

त्या काळात अनफिट झालेल्या श्वानाचं पुढं काय व्हायचं, हे फौजेत सगळ्यांना माहीत होतं. हँडलरला तर नक्कीच. त्याला इंजेक्शन देऊन झोपवलं जायचं.

साहेबांनी सळ्या घातल्या.

त्या रात्री रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून एक गोष्ट डोक्यात घुसली ती आजवर निघालेली नाही. कुठली शस्त्रक्रिया करायची हे नुसत्या हाडावरून ठरत नव्हतं. त्या जनावराची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये आहे आणि तिथं त्याची किंमत काय लिहिली आहे, यावरही ते ठरत होतं. पुढे जिथं जिथं पोस्टिंग झालं तिथं मी या विषयाचा धागा शोधत गेलो. जे हाती लागलं ते आज मांडतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडे जनावरांचं वैद्यक फार जुनं. शालिहोत्राचं नाव घोड्यांच्या शास्त्राला चिकटलेलं आहे, पालकाप्याचं हत्तींच्या. हस्त्यायुर्वेदात तर शल्याचं स्वतंत्र स्थान आहे, म्हणजे हत्तीवर शस्त्र कसं चालवायचं याचा विचार तेव्हाच झाला होता. अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची सोय केल्याचं कोरलेलं आहे. पण नीट पाहा, ग्रंथ लिहिले गेले ते घोडा आणि हत्तीचे. दोन्ही राजाच्या सैन्यातले. कुत्रा जुन्या वैद्यकात भेटतो तो बहुधा चावणारा म्हणून. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश झाला तर माणसाला काय द्यावं हे सुश्रुत सांगतो. त्या कुत्र्याचा पाय मोडला तर काय करावं, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

कंपनी सरकारच्या फौजेतही तेच. आज ज्याला आपण आरव्हीसी म्हणतो त्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरचं मूळ १७७९ मधल्या बंगालच्या स्टड डिपार्टमेंटमध्ये आहे. काम एकच, फौजेला घोडे पुरवणं. १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यकीय शाळा निघाली तीही घोड्यांसाठीच. घोड्याचा पाय मोडला तर त्यावर त्या काळी एकच उपाय होता, गोळी. चारशे-पाचशे किलोचं जनावर तीन पायांवर महिनोन् महिने उभं राहू शकत नाही, चांगल्या पायाच्या खुरावर भार येऊन तेही निकामी होतं. त्यामुळे ती गोळी दयेची होती हे मी मान्य करतो. पण तो हिशेब पुढे कुत्र्यालाही लागू झाला. कुत्रा तीन पायांवर मजेत जगतो हे कुणी मोजलंच नाही.

कुत्र्यांची बाजू पहिल्यांदा मोठ्यानं घेतली गेली ती आपल्या मुंबईत, आणि तीही दंगल करून. भटकी कुत्री मारायची मोहीम इंग्रज सरकारनं चालवली होती. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे. जून १८३२ मध्ये कोटात पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, बाजार बंद पडले, गोऱ्या शिपायांना पाचारण करावं लागलं. इतिहासात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून नोंदली गेली आहे. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. कुत्र्यांना मारण्याऐवजी ठेवायला जागा मिळाली.

पण पांजरापोळ म्हणजे आसरा, उपचार नव्हे. त्यासाठी आणखी पन्नास वर्षं जावी लागली. १८८३ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावानं परळला जनावरांच्या रुग्णालयाचा पाया घातला. बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय ते हेच. १८८६ मध्ये त्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचे पहिले प्राचार्य जे. एच. स्टील हे फौजेतले पशुवैद्य. दानशूर पारशाची जागा आणि फौजी डॉक्टरचं शिक्षण यांची तिथं गाठ पडली. मी सुट्टीवर येताना दादरला उतरून एकदा मुद्दाम तिथं गेलो. दगडी इमारती, आवारात झाडं, आणि बाकावर टोपलीत मांजर घेऊन बसलेली एक म्हातारी. तिच्या शेजारी एक टॅक्सीवाला, हातात रस्त्यावरचं कुत्र्याचं पिल्लू. मला वाटलं, १८३२ च्या दंगलीचं फळ ते हे.

याच रुग्णालयाशी आणखी एक नाव जोडलेलं आहे, मुंबई पोलिसांचा झंझीर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर या लॅब्राडोरनं तीन हजार किलोहून जास्त आरडीएक्स हुंगून काढलं. किती मुंबईकर त्याच्यामुळे जिवंत राहिले याचा हिशेब लागणार नाही. त्याला हाडाचा कर्करोग झाला. परळलाच त्याच्यावर उपचार झाले आणि १६ नोव्हेंबर २००० ला तो गेला. पोलिसांनी त्याला मानानं निरोप दिला.

शस्त्रक्रिया म्हटली की भूल आलीच. आमची पलटण सिकंदराबादला असताना मला एक गोष्ट कळली. क्लोरोफॉर्मनं रुग्ण मरतो तो आधी श्वास थांबून की हृदय थांबून, यावर एकोणिसाव्या शतकात डॉक्टरांत मोठं भांडण होतं. हैदराबादच्या रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी यांचं म्हणणं, श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला काही होत नाही. निजामाच्या पैशावर १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले आणि शेकडो जनावरांवर, त्यातही मुख्यतः कुत्र्यांवर, प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूनं निघाला. पण तो चुकीचा होता. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदयाची लय बिघडून ते अचानक बंद पडू शकतं. म्हणजे माणसांची भूल सुरक्षित व्हावी म्हणून आधी हैदराबादची कुत्री मेली, मग विलायतेतली मांजरं. आणि खुद्द कुत्र्या-मांजरांना काही शस्त्रक्रियांसाठी भूल दिलीच पाहिजे, असा कायदा इंग्लंडमध्ये झाला १९१९ मध्ये. तोवर कित्येकदा तोंड आणि पाय बांधून काम उरकलं जायचं.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक हॉबडे नावाच्या सर्जननं १९०० मध्ये खास कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं. शहरात मोटारी आल्या, घोडे कमी झाले आणि पशुवैद्यांच्या दारात घरातली जनावरं येऊ लागली. तिथून ही शाखा वाढली.

पण फौजेत जनावरावर शस्त्र चालवलं जायचं ते नेहमी जनावराच्या भल्यासाठीच असं नाही. १९४४ मध्ये ब्रह्मदेशात शत्रूच्या पिछाडीला उतरलेल्या विंगेटच्या चिंडिट तुकड्यांबरोबर खेचरं होती. खेचर ओरडलं तर जपान्यांना ठावठिकाणा कळणार, म्हणून आधीच शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाज काढून टाकला गेला. मुकी खेचरं जंगलात ओझी वाहत गेली. त्यात आपल्या जवानांचे जीव वाचले हेही खरं. मी त्याला नावं ठेवत नाही. फक्त हे विसरू नये, की त्यांनी आपला आवाज दिला होता.

आता ब्रूनोच्या पायातल्या सळ्यांकडे येतो. ही पद्धत माणसांच्या दवाखान्यातून कुत्र्यांकडे आली असेल असं मला वाटायचं. कॅप्टन साहेबांनी हसून उलटं सांगितलं. अमेरिकेत ऑटो स्टेडर नावाचा पशुवैद्य होता. कुत्री प्लास्टर कुरतडतात, ओलं करतात, म्हणून त्यानं १९३० च्या दशकात कुत्र्यांसाठी सळ्या आणि दांडीची ही चौकट बनवली. कुत्री दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या पायावर भार देऊ लागली. ते पाहून माणसांच्या डॉक्टरांनी ती उचलली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलानं जखमी खलाशांची हाडं 'स्टेडर स्प्लिंट'नं जुळवली. पुढे उघड्या जखमेसह मोडलेल्या हाडावर अशी चौकट हा जगभरच्या लष्करी रुग्णालयांत रोजचा उपाय झाला. आमच्या पलटणीतल्या एका नाईकाच्या नडगीला सहा महिने अशीच चौकट होती. त्याला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे मी कुत्र्याचं कर्ज घेऊन चालतोय म्हणा की!"

मांजरांचं आणि फौजेचंही असंच एक नातं आहे. केटामाइन हे औषध १९६२ मध्ये तयार झालं, १९७० मध्ये माणसांसाठी मंजूर झालं आणि व्हिएतनामच्या लढाईत जखमींना भूल द्यायला वापरलं गेलं, कारण त्यानं श्वास फारसा दबत नाही आणि मोठी यंत्रणा लागत नाही. हेच औषध पुढे मांजरांच्या भुलीसाठी पशुवैद्यांच्या हाताशी आलं.

ते मी तेजपूरला डोळ्यांनी पाहिलं. आमच्या लंगरची एक करडी मांजर होती, नाव मावशी. एका पावसाळी रात्री तिच्या पुढच्या पायाचा कोल्ह्यानं चेंदामेंदा केला. लंगर कमांडरनं वर्गणी काढली आणि गावातल्या पशुवैद्याकडे तिला पोत्यात घालून नेलं. त्यानं एक इंजेक्शन दिलं, ती डोळे उघडे ठेवूनच निपचित झाली. तासाभरात पाय खांद्यापासून काढला. पंधरा दिवसांनी मावशी तीन पायांवर पिठाच्या कोठीवर चढली. मी बदली होऊन निघालो तेव्हाही ती तिथंच होती, पूर्वीसारखीच उंदीर मारत. तिचं नाव कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हतं, म्हणून तिला कुणी अनफिट ठरवू शकलं नाही.

आपल्या फौजेत श्वानांचं पद्धतशीर प्रशिक्षण मेरठला १९५९-६० च्या सुमारास सुरू झालं. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, नंतर बेल्जियन मॅलिनॉय आले. २०१६ मध्ये आपल्या ओळखीचा मुधोळ हाउंडही मेरठला पोहोचला. मुधोळच्या घोरपड्यांनी जपलेली ही जात, त्यामुळे मराठी माणसाला ती बातमी वाचून आनंद झाला असेल. श्वान वाढले तशी त्यांची शस्त्रक्रियाही वाढली. पण निवृत्त किंवा जायबंदी श्वानाला झोपवण्याची रीत मात्र चालत राहिली. २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातून ती लोकांसमोर आली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्यानंतर धोरण बदललं. आता असाध्य आजार सोडला तर निवृत्त श्वान सांभाळले जातात, माणसांना दत्तकही दिले जातात.

त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये काश्मीरच्या तंगधार भागात मानसी नावाची लॅब्राडोर आपल्या हँडलर बशीर अहमद वार यांच्यासह धारातीर्थी पडली. तिचं नाव मेन्शन इन डिस्पॅचेसमध्ये आलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अनंतनाग जिल्ह्यातल्या चकमकीत झूमला दोन गोळ्या लागल्या, तरी त्यानं काम सोडलं नाही. श्रीनगरच्या लष्करी पशुवैद्यकीय रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ते दोन-तीन दिवस देशभरातली माणसं एका कुत्र्याच्या तब्येतीची बातमी शोधत होती. १३ ऑक्टोबरला तो गेला. माझ्या घरी त्या दुपारी कुणी जेवलं नाही. झूम वाचला नाही, पण तो वाचावा म्हणून धडपड झाली आणि ती करताना तो पुन्हा कामाला येईल का, हे कुणी विचारलं नाही. मला यात मोठा फरक दिसतो.

आता थोडं कामाचं. आपल्यातले बरेच माजी सैनिक कुत्रा पाळतात, मला फोन करून विचारतातही. मी डॉक्टर नाही, पण जे पाहिलं, विचारलं ते सांगतो. मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं, तो ओकायला बघतोय पण काही पडत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. पोटाला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथं तास मोजले जातात. शस्त्रक्रियेत पीळ सोडवून पोट आतून बरगडीलगतच्या भिंतीला टाचतात, म्हणजे पुन्हा फिरत नाही. कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत मलूल झाली, पाणी फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाला असेल. तेही शस्त्रक्रियेचंच काम. लहानपणी नसबंदी केली असेल तर हा प्रश्नच येत नाही. मागच्या पायाचा गुडघा निसटू लागला तर त्यातला दोर तुटलेला असू शकतो. हाड कापून त्याचा कोन बदलायची शस्त्रक्रिया अमेरिकेतल्या बार्कले स्लोकम यांनी १९९३ मध्ये मांडली, आता आपल्या मोठ्या शहरांत ती होते. आणि मांजराला दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. माणसाला उतार देणारी ती गोळी मांजराचा जीव घेते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठीही शस्त्रक्रियाच उपाय ठरली. चेन्नईच्या ब्लू क्रॉसनं मारण्याऐवजी नसबंदीचा आग्रह अनेक वर्षं धरला, १९९० च्या दशकाच्या मध्यात तिथल्या महापालिकेनं तो मानला, आणि २००१ मध्ये देशभरासाठी नियम झाले. कानाला छोटी खाच असलेलं कुत्रं दिसलं तर समजा, ते ऑपरेशन करून, लस टोचून सोडलेलं आहे. १८३२ चा वाद अजून मिटलेला नाही, पण निदान आता त्यात सर्जनचं टेबल आलं आहे.

ब्रूनोचं राहिलं. दहा आठवड्यांनी सळ्या निघाल्या. पाय किंचित आखूड राहिला, थंडीत तो जरा लंगडायचा. पाच महिन्यांनी तो पुन्हा आमच्या पुढे चालू लागला. एप्रिलमध्ये एका पुलाखाली तो बसला आणि उठेना. तिथून जे निघालं त्यावरून त्या दिवशी आमच्या तीन गाड्या जाणार होत्या. पहिल्या गाडीत मी होतो.

पुढच्या वर्षी पलटण बदलली, ब्रूनो तिथंच राहिला. काँगड्याचा तो हँडलर आता निवृत्त होऊन गावी आहे. दर १४ डिसेंबरला, कोअरच्या स्थापना दिवशी, मी त्याला फोन करतो. मुलांचं, शेतीचं, गुडघ्यांचं बोलणं होतं. ब्रूनो किती वर्षं काम करत राहिला हे तो सांगतो. त्यानंतर ब्रूनोचं काय झालं, हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्यानंही कधी सांगितलं नाही. ते साल २०१५ च्या आधीचं होतं, एवढं आम्हा दोघांनाही माहीत आहे.

जय हिंद.